आधी कोणी दाबलं?

२०२०च्या गणेशोत्सवात आमच्या जुहूच्या सोसायटीत मी तळमजल्यावरच्या एका काकूंवर अन्याय केला. रक्कम पाचशे एक रुपयांची होती. अन्याय करणारा हात माझा नव्हता, मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधली एक ओळ होती. पण ती ओळ मीच लिहिली होती, म्हणून हा लेख पहिल्या पुरुषी एकवचनात लिहिणे भाग आहे.

त्या वर्षी २२ ऑगस्टला गणपती बसले ते गच्चीवर किंवा अंगणात नाही, तर सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात. आरती फोनवर, प्रसाद ज्याच्या त्याच्या घरी. दरवर्षी एका संध्याकाळी अंगणात सतरंज्या टाकून हाऊसी खेळली जाते, तीही बंद. मी गेली वीस-बावीस वर्षे प्रोग्रॅम लिहून पोट भरतो, हे सोसायटीत सर्वांना ठाऊक. "तू फोनवर खेळता येईल असं काही कर की," असे फर्मान आले. मला वाटले, हाऊसी ती काय? एक ते नव्वद आकडे, प्रत्येक तिकिटावर पंधरा, तीन ओळी. दोन रविवारांचे काम.

काम दोन रविवारांत झाले. ते चुकले कुठे हे कळायला मात्र मला त्याच्या आतले सगळे पुन्हा पाहावे लागले. अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या प्रत्येक खेळाच्या पोटात, मग तो लुडो असो वा बंदुकांचा, हाच प्रश्न दडलेला असतो. तो वाचकांसमोर मांडावा म्हणून हा प्रपंच.

आवक, साहेब, जावक

असे खेळ चालतात ते सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे कुठेतरी दूर ठेवलेला एक संगणक. खेळाडूंचे फोन एकमेकांशी थेट बोलत नाहीत. सगळे सर्व्हरशी बोलतात आणि खेळाची खरी स्थिती फक्त त्याच्याकडे असते. तुमच्या पडद्यावर दिसते ती त्या स्थितीची नक्कल, तीही थोडी शिळी.

माझा पहिला सर्व्हर अगदी बाळबोध होता. एका फोनचा निरोप घ्यायचा, तो तपासायचा, नोंद करायची, त्या फोनला उत्तर पाठवायचे, उत्तर पोहोचल्याची पोच यायची वाट पाहायची आणि मग पुढचा निरोप उघडायचा. एका खिडकीची बँक. घरात दोन फोनांवर हे सुरळीत चालले. मग अडतीस फोन जोडल्याचा आभास करून पाहिला. एकेका निरोपाला ५० मिलिसेकंद धरले, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, तरी शेवटच्याला जवळजवळ दोन सेकंद थांबावे लागत होते. त्यातला एखादा फोन लिफ्टमध्ये शिरला की त्याची पोच येईपर्यंत उरलेले सदतीस खोळंबून राहत.

यावरचा उपाय आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांना संगणकाच्या फार आधीपासून माहीत आहे: आवक-जावक बारनिशी. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला साहेबाच्या टेबलापाशी उभे करत नाहीत. आवक टेबलावरचा कारकून अर्जावर शिक्का मारतो, क्रमांक घालतो, गठ्ठ्यावर ठेवतो आणि पुढच्याला बोलावतो. अर्ज मंजूर की नामंजूर याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आत साहेब गठ्ठ्यातले कागद एकेक करून निकाली काढतो. निकाल जावक टेबलावरून टपालाने जातो. कुणीच कुणासाठी ताटकळत नाही. संगणकशास्त्रात याला असमकालिक पद्धत म्हणतात. मागणाऱ्याने मागायचे आणि उत्तरासाठी उभे न राहता आपल्या कामाला लागायचे; उत्तर यायचे तेव्हा येते.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. असमकालिक असते ते घेणे आणि देणे. निर्णय मात्र एकाच माणसाने, एका वेळी एकच, रांगेतल्या क्रमाने करायचा असतो. हे मी शिकलो ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर. दुसऱ्या रविवारी बायको आणि मी समोरासमोर बसून एकाच क्षणी "वरची ओळ" हे बटण दाबले. दोघांच्याही फोनवर आले: "अभिनंदन, बक्षीस तुमचे." बक्षीस एकच होते.

झाले होते असे. माझ्या निरोपावर सर्व्हरने पाहिले की बक्षीस शिल्लक आहे. मग ते माझ्या नावावर लिहायला त्याने डेटाबेसला सांगितले आणि तिथून उत्तर येईपर्यंत रिकामे कशाला बसायचे म्हणून पुढचा निरोप उघडला. तो बायकोचा. बक्षीस शिल्लक आहे का? अजून होते, कारण माझे नाव लिहून व्हायचे होते. दोन लिपिकांनी एकच बर्थ दोघांना द्यावी तसा हा प्रकार. म्हणून नियम केला की तपासणे आणि देणे यांच्या मध्ये साहेबाने खुर्चीवरून उठायचे नाही. स्थिती सर्व्हरच्या स्वतःच्या स्मरणात ठेवायची, निर्णय एका दमात तिथेच घ्यायचा आणि डेटाबेसमधली नोंद नंतर सावकाश होऊ द्यायची.

दुसरा नियम असा की फोनने निकाल पाठवायचा नाही, फक्त इच्छा पाठवायची. "मी जिंकलो" नव्हे, "माझा दावा आहे". दावा खरा की बोगी, हे सर्व्हर त्याच्याकडच्या तिकिटाच्या प्रतीवरून ठरवतो. बंदुकीच्या खेळातही फोन "मी त्याला मारले" असे म्हणत नाही. "मी या दिशेला वळलो आणि चाप ओढला" एवढेच म्हणतो. ज्या खेळात हा नियम पाळला जात नाही, तिथे लबाडांचे राज्य येते.

पाणीपुरीवाल्याची फेरी

झटपट खेळांत आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे ताल. जुहू चौपाटीवर पाणीपुरीवाल्याभोवती सहा-सात जण द्रोण धरून उभे असतात. कुणी मध्येच म्हणतो "तिखट कमी", कुणी म्हणतो "माझ्यात कांदा नको". तो हातातली पुरी टाकून त्याच्याकडे वळत नाही. ऐकतो, लक्षात ठेवतो आणि फेरी त्याच्यापाशी आली की तशी पुरी देतो. एका फेरीत प्रत्येकाला एकच. किती खाल्ल्या हा हिशेबही त्याचाच. आपण मोजलेल्या आकड्याला किंमत नाही.

सर्व्हरच्या अशा फेरीला टिक म्हणतात. मी तिला ठोका म्हणेन. दोन ठोक्यांच्या मध्ये आलेले निरोप साठवायचे, ठोका पडला की ते क्रमाने लागू करायचे, खेळाचे जग एक पाऊल पुढे सरकवायचे आणि नवे चित्र सगळ्यांना धाडायचे. 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह'चे अधिकृत सर्व्हर सेकंदाला ६४ ठोके देत, म्हणजे साडेपंधरा मिलिसेकंदांना एक. 'व्हॅलोरंट'चे १२८ देतात. काम ठोक्यात मावेनासे झाले की काय करावे, याचे विलक्षण उदाहरण 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळयुद्धाच्या खेळाचे. जानेवारी २०१४मध्ये त्यात हजारो खेळाडूंची एक लढाई झाली, तेव्हा सर्व्हरने खेळातला काळच नेहमीच्या एक दशांश वेगाने चालवला. लढाई सुमारे एकवीस तास चालली. कुणाचा निरोप फेकून देण्यापेक्षा सगळ्यांचे घड्याळ सारखेच हळू करणे त्यांना अधिक न्याय्य वाटले.

जुहूचे टपाल

निरोप पोहोचायला वेळ का लागतो? निम्मे उत्तर आमच्या शेजारी आहे. जुहूला लागून असलेल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या अनेक इंटरनेट केबल जमिनीवर येतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सिंगापूर मुंबईहून सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जायला २० आणि यायला २० मिलिसेकंद, याहून कमी होणे शक्य नाही. लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, जाऊन-येऊन ७२. केबल सरळ रेषेत नसते आणि वाटेत थांबे असतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून बरेच जास्त लागतात. सर्व्हर सिंगापुरात असेल तर मुंबईचा खेळाडू प्रत्येक गोळीला तितका मागे असतो. जून २०१६मध्ये ॲमेझॉनने भाड्याने सर्व्हर देणारे केंद्र मुंबईत सुरू केले. आमची हाऊसी तिथल्याच एका छोट्या सर्व्हरवर चालली होती. त्यामुळे अंतर हे माझ्या चुकीचे निमित्त होऊ शकत नव्हते.

जुहूला उशिराच्या टपालाची जुनी ओळख आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे आपले एकइंजिनी पस मॉथ विमान घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, ते टपालाच्या थैल्या घेऊन. पुढे त्या थैल्या नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेल्या. त्या पत्रांत लिहिणाऱ्याचा 'आज' आणि वाचणाऱ्याचा 'आज' वेगळा असे आणि दोघांनाही ते ठाऊक असे. म्हणून पत्रावर तारीख घालत आणि "आपले अमुक तारखेचे पत्र पावले" अशी सुरुवात करत. ही सवय मोडल्यामुळे आपण फसतो. पडद्यावर दिसते ते आत्ताचे, असे आपण धरून चालतो.

खेळ लिहिणाऱ्यांनी या उशिराशी तीन तऱ्हांनी तडजोड केली आहे. पहिली, उशीर सर्वांना सारखा वाटून टाकायचा. १९९७च्या 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये दिलेला हुकूम लगेच अमलात येत नसे. दोन पाळ्यांनंतर, सगळ्यांच्या संगणकांवर एकाच पाळीला येई. तो लिहिणाऱ्यांना असे आढळले की थोडा पण एकसारखा उशीर खेळाडूंना खुपत नाही. कधी झटकन, कधी रेंगाळत, हे खुपते. दुसरी तऱ्हा १९९६ साली जॉन कारमॅक यांनी 'क्वेकवर्ल्ड'मध्ये आणली. उत्तराची वाट न पाहता तुमच्या संगणकाने तुम्हाला लगेच हलवायचे आणि सर्व्हरचे म्हणणे वेगळे निघाले तर मुकाट्याने जागा दुरुस्त करायची. तिसरी २००१मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियर यांनी सविस्तर मांडली. गोळीचा निरोप आला की सर्व्हरने काळ मागे फिरवायचा, नेम धरणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होते ते उभे करायचे आणि त्यावरून निवाडा द्यायचा. याची किंमत समोरचा मोजतो. तो भिंतीआड पोहोचलेला असतो आणि तरीही मरतो, कारण मारणाऱ्याच्या पडद्यावर तो अजून उघड्यावर असतो. उशीर नाहीसा करता येत नाही. तो कुणाच्या अंगावर टाकायचा, एवढेच आपल्या हातात असते.

सत्तेचाळीस आणि बासष्ट

आता त्या संध्याकाळकडे येतो. दर दहा सेकंदांनी सर्व्हर एक आकडा पुकारत होता. सत्तेचाळीस आला. सव्वा सेकंदात चौथ्या मजल्यावरच्या मुलाचा दावा आला: वरची ओळ. तपासला, खरा निघाला, बक्षीस दिले. दहा सेकंद झाले, बासष्ट पुकारला. त्यानंतर १.८ सेकंदांनी काकूंचा दावा आला, तोही वरच्या ओळीचा. सर्व्हरने त्यांच्या फोनवर लिहिले: "दावा उशिरा."

फोनवर सगळे एकत्र जोडलेले होतेच. काकू म्हणाल्या, "अरे, मी दाबलं होतं. सत्तेचाळीसलाच दाबलं." कुणीतरी हसत म्हणाले, "काकू, नेट बदला आता." मीही हसलो, हे लिहिले पाहिजे. पुढच्या फेरीत त्यांचा फोन जोडलेला नव्हता.

अंगणातल्या हाऊसीचा नियम साधा आहे. पुढचा आकडा पुकारेपर्यंत आलेले सगळे दावे सारखे. बक्षीस वाटून घ्यायचे. म्हणजे पुकारणारा हाच आमचा ठोका आणि एका ठोक्यातल्यांमध्ये आधी-नंतर नाही. ज्याने कुणी तो घालून दिला, त्याने ठोक्याचा न्याय संगणकाशिवाय ओळखला होता. मी तो नियम प्रोग्रॅममध्ये आणला होता, पण अर्धवट. अंगणात पुकारणाऱ्याचा आवाज सगळ्यांच्या कानावर एकदमच पडतो, काकूंची हाकही त्याला ताबडतोब ऐकू येते. माझ्या सर्व्हरने दावा कधी पोहोचला ते पाहिले. कधी केला ते पाहिलेच नाही.

रात्री सर्व्हरची बारनिशी उघडली. दाव्याची वेळ त्यांच्या फोनला विचारून भागणार नव्हते. फोनचे घड्याळ चुकीचे असू शकते आणि कुणाला मुद्दाम मागे करायचे तर तेही सोपे. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ साली एका निबंधात यातून वाट काढली आहे. दूरदूरच्या यंत्रांमध्ये घड्याळ विचारू नका. कोणता निरोप कोणत्या निरोपानंतर निघाला, एवढेच विचारा. पत्रावरची तारीख खोटी असेल, पण "आपले पत्र पावले" असे ज्यात लिहिले आहे, ते त्या पत्रानंतरचेच असणार.

बारनिशीत हे सगळे होते. माझा फोनप्रोग्रॅम प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक घालत होता आणि प्रत्येक आकडा पडद्यावर आला की त्याची पोच पाठवत होता. काकूंच्या फोनचा एकतिसावा निरोप होता दावा, त्यावर लिहिलेले: शेवटचा पाहिलेला आकडा सत्तेचाळीस. बत्तिसावा निरोप होता बासष्टची पोच. म्हणजे बासष्ट त्यांच्या पडद्यावर येण्याआधी बटण दाबले गेले होते. त्या बोलल्या ते अक्षरशः खरे होते.

मग निरोप वाटेत इतका अडकला का? त्यांच्या आतल्या खोलीत मोबाइलचे सिग्नल जेमतेम येतात. हाऊसीचे निरोप मी रजिस्टर टपालासारख्या पद्धतीने पाठवत होतो: पोच आली नाही तर पुन्हा पाठवा. पण प्रत्येक अपयशानंतर ही पद्धत पुढच्या प्रयत्नाआधीची प्रतीक्षा दुप्पट करते, म्हणजे आधीच तुंबलेली वाट आणखी तुंबू नये. एक, दोन, चार सेकंद. लागोपाठ तीनदा निरोप हरवला की सात सेकंद गेलेच. वेगवान खेळ म्हणूनच बहुधा साध्या टपालाची पद्धत वापरतात. हरवले तर हरवले, पण प्रत्येक नव्या पाकिटात मागच्या दोन-चार हुकमांची नक्कल पुन्हा घालायची. सर्व्हर अनुक्रमांक पाहून आधी मिळालेले बाजूला टाकतो.

आणि ती माझी ओळ? दाव्यावरचा आकडा सर्व्हरच्या चालू आकड्याशी जुळत नसेल तर फेटाळा. सत्तेचाळीस आणि बासष्ट जुळले नाहीत. काकूंचे खरे बोलणे ज्या आकड्यावरून सिद्ध झाले असते, त्याच आकड्यावरून मी त्यांना खोटे ठरवले होते.

दुसऱ्या दिवशी मास्क लावून मी त्यांच्या दारात गेलो. दार अर्धे उघडून त्या आतच उभ्या राहिल्या. मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सगळे सांगितले आणि म्हणालो, "कमिटी तुम्हालाही पाचशे एक देतेय." त्या म्हणाल्या, "पैसे नकोत रे मला. ग्रुपवर लिही, मी दाबलं होतं म्हणून." मी जिन्यातच उभा राहून लिहिले. अनुक्रमांकासकट.

नंतर प्रोग्रॅम बदलला. आता सगळ्या फोनांची पोच आल्याशिवाय पुढचा आकडा निघत नाही. फार तर तीन सेकंद जास्त थांबतो. पुढचा आकडा निघाल्यावरही मागच्या आकड्याची खिडकी आणखी तीन सेकंद उघडी राहते, मात्र ज्याच्या फोनने नव्या आकड्याची पोच दिली त्याच्यासाठी ती बंद. बक्षीस खिडकी मिटल्यावरच जाहीर होते. पोच मुद्दाम दाबून ठेवणाऱ्याला यात तीन सेकंदांची लबाडी करता येईल, हे मला माहीत आहे. सोसायटीच्या हाऊसीत तेवढा धोका मी पत्करला. बंदुकीच्या खेळात तो पत्करता आला नसता. तिथे मागे फिरण्याची मुभा याहून खूपच कमी ठेवतात.

पुढच्या वर्षीही हाऊसी फोनवरच झाली. चौथ्या मजल्यावरचा मुलगा, आता बारावीतला, तक्रार घेऊन आला: "काका, गेम स्लो झालाय. दाबल्यावर लगेच कळत नाही." त्याच्यासाठी बटण दाबताक्षणी "दावा नोंदवला, निकाल थोड्या वेळात" अशी ओळ पडद्यावर दाखवायची सोय केली. त्याने त्याचे समाधान झाले नाही. ज्याची वाट मोकळी आहे त्याला तीन सेकंद फुकट गेल्यासारखे वाटतात, आणि त्याच्या जागी उभे राहिले तर तेही खरेच आहे. मी ते कमी केले नाहीत. त्या वर्षी काकू पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत जोडलेल्या होत्या. त्यांना एकही बक्षीस लागले नाही आणि त्यांची तक्रारही नव्हती.